चार वर्षांची बॅटरी चवथीआधी बदलायची का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी छोटी, पेट्रोलची, साध्या गिअरची. बॅटरी गाडीबरोबर आलेली, ३५ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), तिला ४ वर्षं ३ महिने झाले. रोजची धाव पर्वरी ते पणजी आणि परत. गाडी सकाळी एका सेल्फात सुरू होते, तक्रार काहीच नाही. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथे मशीन लावून पावती काढली: १२.३१ व्होल्ट, सीसीए (कडक थंडीत बॅटरी सेल्फला किती अँपिअर देऊ शकते तो आकडा) २५५, रेटिंग ३५०, शेरा ‘बदला’. तीन आठवड्यांवर चवथ आहे. सत्तरीतल्या मूळ घरी पाच दिवस, आणि विसर्जन आटोपलं की चोर्ला घाटातून बेळगाव. बॅटरी आत्ताच काढावी की आणखी वर्षभर रेटावी, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

माझं उत्तर: त्या पावतीवरून बदलू नका, आणि ‘सुरू होते ना’ म्हणून निर्धास्तही राहू नका. आधी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावा, टर्मिनल साफ करा आणि मग सेल्फ मारताना व्होल्ट किती खाली जातात ते मोजा. १० च्या वर राहिले तर बेळगावला खुशाल जा. ९.६ च्या खाली गेले तर गणपती बसायच्या आधी नवी घ्या. मधला आकडा आला तर काय करायचं, ते पुढे सांगतो. डिचोलीत २६ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतोय. या तीन गोष्टी न करता बदललेल्या कितीतरी बॅटऱ्या मी पाहिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच अजून चालल्या असत्या.

आधी ती पावती बघू. हे मशीन बॅटरीवर जड लोड टाकत नाही. बारीकसा विद्युत संकेत सोडून बॅटरीचा आतला अवरोध मोजतं आणि त्यावरून सीसीएचा अंदाज बांधतं. चांगलं यंत्र आहे, माझ्याकडेही आहे. पण ‘चांगली’ की ‘बदला’ हा शेरा ते ठरवतं तुम्ही त्यात घातलेल्या रेटिंगशी तुलना करून. तुमच्या पावतीवर रेटिंग ३५० आहे. एवढ्या छोट्या बॅटरीला ३५० हा आकडा मला मोठा वाटतो. बॉनेट उघडून लेबलवर सीसीए किती लिहिलंय ते वाचा. समजा तिथे २८० असेल, तर २५५ म्हणजे ९१ टक्के, चार वर्षांच्या बॅटरीला उत्तमच म्हणायचं. ३५० शी ताडलं की तोच २५५ होतो ७३ टक्के, आणि मशीन लाल शेरा मारतं. बॅटरी तीच, फक्त बटण दाबताना आकडा वेगळा घातला. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दिवसाला वीस गाड्या तपासणारा मुलगा आधीच्या गाडीचं रेटिंग तसंच ठेवून पुढे जातो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट पावतीवरच आहे: १२.३१ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. तुमची तपासली तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास होती. अर्धपोटी माणसाला पळायला लावून त्याची ताकद ठरवत नाहीत. आधी चार्ज, मग टेस्ट, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे आणि घाईत मोडला जातो तोही हाच.

मग बॅटरी रोज गाडीत असून अर्धी का राहते? हे नीट समजून घ्या, कारण पर्वरीतल्या निम्म्या गाड्यांचं दुखणं हेच आहे. लोकांना वाटतं सेल्फ बॅटरी खातो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो खरा, पण किती वेळ? दोन सेकंद. म्हणजे एक अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाहूनही कमी. ते काही मिनिटांत भरून निघतं. खरी खर्चाची जागा ट्रॅफिक आहे. जुलैतली सकाळ आठवा: हेडलाइट चालू, वायपर चालू, एसीचा ब्लोअर मोठ्यावर, पुढचा फॅन फिरतोय, मागच्या काचेवरचं धुकं घालवायला डिफॉगर लावलाय आणि गाडी पुलाच्या अलीकडे जागच्या जागी उभी. सगळं मिळून ४० अँपिअर सहज होतात. इंजिन आयडलला असलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी भरणारं जनित्र, आपल्या पूर्ण क्षमतेच्या निम्मंच देतो. उरलेलं बॅटरीतून जातं. त्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं असं आहे की ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते आणि शेवटचे २० टक्के घ्यायला कित्येक तास लावते. पंचवीस मिनिटांच्या प्रवासात ते होणारच नाही.

अशी कायम अर्धी-पाऊण राहिलेली बॅटरी सल्फेटने मरते. प्लेटवर जमलेलं लेड सल्फेट चार्ज झालं की विरघळायला हवं. ते आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि तेवढी प्लेट कामातून जाते. दिवसभर पळणाऱ्या टॅक्सीचं उलट. तिची बॅटरी नेहमी भरलेली, पण बॉनेटखालच्या उष्णतेत शिजते. पाणी उडतं, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजत जाते. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज दुप्पट होते. आपल्याकडे पारा चाळिशीला क्वचितच जातो, पण मे महिन्यात रात्रीही २६-२७ च्या खाली येत नाही, म्हणजे बॅटरीला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

हे दोन मृत्यू सारखे नसतात, म्हणून दोन्ही सांगितले. सल्फेटवाली बॅटरी हळूहळू खचते आणि तिचं खचणं मीटरवर दिसतं. उष्णतेने जाळी गंजलेली बॅटरी काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असते आणि आज सकाळी आतली जाळी तुटून एकदम बंद पडते. मीटर तिथे आधी फारसं काही सांगत नाही. म्हणून टॅक्सीवाल्यांना मी चार वर्षांनंतर मोजमाप न करता बदलायला सांगतो. तुमच्यासारख्यांना मोजून ठरवायला सांगतो.

आता मोजायचं कसं. साधा डिजिटल मल्टीमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. एक करा, आदल्या संध्याकाळी बॉनेटचं लॅच सोडून ठेवा, नाहीतर सकाळी रिमोट दाबलात की आतले दिवे आणि कंप्युटर जागे होतात आणि आकडा एक-दोन दशांशाने खाली जातो. लाल काडी प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, काळी मायनसच्या खुंटीवर. खुंटीवर म्हणतोय, तिच्याभोवतीच्या क्लॅम्पवर नव्हे. हा विश्रांतीचा आकडा लिहून ठेवा.

मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. इंजिन लगेच सुरू झालं तर आकडा वाचायला वेळच मिळत नाही. किल्लीवाल्या बऱ्याच फ्युएल इंजेक्शन गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला तर सेल्फ फिरतो पण पेट्रोल जात नाही. तसं चार-पाच सेकंद फिरवा, त्याहून जास्त नको. मीटरचा मोबाइलने व्हिडिओ काढा आणि मग सावकाश बघा. सेल्फ बसतो त्या क्षणी आकडा एकदम खाली जातो आणि परत थोडा वर येऊन स्थिरावतो. मला हवा असतो तो स्थिरावलेला आकडा.

जगभर ९.६ व्होल्ट ही शेवटची मर्यादा मानतात. आपल्या उबदार हवेत मी जरा कडक आहे, कारण इथे इंजिन ऑइल थंडीने घट्ट होत नाही, सेल्फला काम सोपं असतं. भरलेली बॅटरी १०.५ च्या वर राहत असेल तर काळजीचं कारण नाही. १० ते १०.५ असेल तर चालवा, पण दर दोन महिन्यांनी मोजा. ९.६ ते १० आला तर गावातल्या गावात फिरायला हरकत नाही, घाट चढायच्या आधी बदला. त्याखाली गेला तर ती बॅटरी संपली. आणि रात्रभर चार्ज करूनही विश्रांतीत १०.५ च्या आसपासच अडकली असेल, तर सहापैकी एक सेल गेला. एका सेलचे २.१ व्होल्ट वजा झाले एवढाच त्याचा अर्थ. अशा बॅटरीला कुठलाही चार्जर, कुठलंही ‘रिकंडिशनिंग’ परत आणत नाही. त्यावर पैसे घालू नका.

‘सुरू होते ना’ यावर विसंबू नका म्हटलं, त्याचं कारण असं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या सकाळी आठ-दहा फेरे घेऊन सुरू व्हायच्या. बॅटरी कमजोर झाली की ते घर्र-घर्र रेंगाळायचं आणि महिनाभर आधी कळायचं. आताची इंजिनं एक-दोन फेऱ्यांत पेटतात. बॅटरीला दोन सेकंदांचं काम उरलंय, ते ती अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत करते. म्हणून हल्ली लोक म्हणतात, ‘काही खूण न देता गेली.’ खूण असते, पण कानाला कळण्याइतकी मोठी नसते. आणि हॉर्न जोरात वाजतो म्हणून बॅटरी चांगली, हे तर अजिबात धरू नका. हॉर्नला पाच-सहा अँपिअर लागतात, सेल्फला दीडशे. बॅटरीवरचा तो हिरवा डोळाही एकाच सेलची हालत सांगतो. बाकीचे पाच त्याला दिसत नाहीत.

आकडा वाईट आला तरी दुकान गाठायच्या आधी टर्मिनल बघा. चोडणच्या फेरीबोटीवर एका गिऱ्हाइकाची गाडी अडकली होती. फेरीत चढल्यावर इंजिन बंद करतात. रायबंदरला बोट लागली, सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. मागे दहा-बारा गाड्या, स्कूटर, ऑफिसला जाणारी माणसं. शेवटी बोटीवरच्या माणसांनी ढकलून गाडी धक्क्यावर आणली. माझ्याकडे आली तेव्हा ते नवी बॅटरी मागत होते. तीन वर्षांत त्यांची ही तिसरी झाली असती. मी मीटरची एक काडी मायनसच्या खुंटीवर ठेवली आणि दुसरी त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, तेव्हा मधे शून्य यायला हवं, फार तर ०.१ ते ०.२. सेल्फ मारल्यावर मीटरने २.३ व्होल्ट दाखवले. म्हणजे बॅटरीतून निघालेले दोन व्होल्ट अर्ध्या इंचाच्या सांध्यातच जिरत होते. क्लॅम्प काढला तर आतून पांढऱ्या खरबरीत थराने भरलेला, वरून मात्र चकाचक, कुणीतरी ग्रीस लावून ठेवलेलं. दोन्ही तोंडं खरवडली, क्लॅम्प कसला, आणि तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली.

आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत हे फार होतं. साफ करायला गरम पाण्यात खायचा सोडा विरघळवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. फेस येणं थांबेपर्यंत घासायचं, मग साध्या पाण्याने धुऊन पुसून कोरडं करायचं. सेलची झाकणं असतील तर ती घट्ट आहेत ना ते आधी बघा, सोडा आत गेला तर बॅटरी खराब होते. खुंटी आणि क्लॅम्पचं आतलं तोंड बारीक सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा. व्हॅसलीन लावायचं ते क्लॅम्प कसून झाल्यावर, बाहेरून. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. उलटं केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर पानाच वितळतो. माझ्याकडच्या एका पोराच्या अंगठीचं तसं झालं होतं, बोट वाचलं हे नशीब. अंगठी, कडं काढून ठेवा.

बॅटरीच्या माथ्यावरची धूळही पुसा. आमच्या डिचोली-सत्तरीकडे लाल माती सगळीकडे बसते. त्यात अ‍ॅसिडची वाफ आणि पावसाळी ओल मिसळली की त्या थरातून बारीक करंट वाहत राहतो. खरं वाटत नसेल तर काळी काडी मायनसवर ठेवा आणि लाल काडी नुसती बॅटरीच्या प्लास्टिकवरून फिरवा. मळलेल्या बॅटरीवर मीटर व्होल्ट दाखवतो. पुसल्यावर तिथेच शून्य येतं.

यानंतर अल्टरनेटर. इंजिन चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५ च्या खाली जाऊ नयेत. काही नव्या गाड्यांत कंप्युटर पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे मधेच १२.९ दिसलं तर घाबरू नका, थोडा वेळ बघत राहा. सतत १५ च्या वर जात असेल तर मात्र रेग्युलेटर, म्हणजे हे व्होल्ट आवरून धरणारा भाग, गेलाय. ती गाडी नवी बॅटरीही वर्षात उकळून टाकेल. सडक्या अंड्याचा वास आला किंवा बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या, तर मोजत बसू नका. गाडी बंद करा, जवळ ठिणगी उडेल असं काही करू नका आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि चोरवाटेने जाणारा करंट. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली ती अजून लक्षात आहे. निवृत्त मास्तर होते, दर चार-पाच दिवसांनी त्यांची गाडी बंद पडायची. मी बॅटरी तपासली, ती खचलेली होती, नवी बसवून दिली. तीन आठवड्यांनी मास्तर परत दारात, नवी बॅटरीही उतरलेली. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतच नव्हता. पाच वॅटचा बल्ब, पण दिवसाला १० अँपिअर-अवर खातो. साडेतीन दिवसांत ३५ ची बॅटरी रिकामी. जुनी बॅटरीही त्यानेच मारली होती, आणि मी कारण न शोधता मास्तरांच्या पेन्शनमधून नवी घ्यायला लावली. तेव्हापासून मी डिकीत मोबाइल व्हिडिओवर चालू ठेवून झाकण लावतो, दिवा विझतो की नाही ते नंतर बघतो. तुम्हीही करून बघा, एक मिनिटाचं काम आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस, सेंट्रल लॉक यांचं वायरिंग हाच बहुतेक वेळा गुन्हेगार असतो. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास गेला की एकूण ओढ ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवी. ती ५० धरली तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी होते.

याच हिशोबात आपल्याकडच्या तारवटी लोकांच्या गाड्या मरतात. माणूस सहा-आठ महिने बोटीवर, गाडी घरी शेडमध्ये. घरचे रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात आणि बॅटरी जपली असं समजतात. पाच मिनिटांच्या आयडलने सेल्फने खाल्लेलं जेमतेम भरतं, आठवडाभराचं गेलेलं भरत नाही. त्यापेक्षा बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनस काढून ठेवावी आणि दोन महिन्यांनी एकदा चार्जर लावावा. किंवा कुणीतरी पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणावी.

तुमच्या चार्जिंगबद्दल. ३५ च्या बॅटरीला ३ ते ४ अँपिअरचा आपोआप थांबणारा चार्जर रात्रभर पुरतो. हवेशीर जागी लावा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा, प्लेटा बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. एसीचं गळणारं पाणी नको, पावसाचं नको, आणि अ‍ॅसिड तर कधीच नको, कारण उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. एकाच सेलचं पाणी सारखं कमी होत असेल तर तो सेल जायच्या वाटेवर आहे. पर्वरी-पणजी एवढीच धाव असेल तर महिना-दोन महिन्यांतून एकदा असा चार्जर लावलात, तर बॅटरीचं आयुष्य खरंच वाढतं.

आता तो मधला आकडा. १० च्या आसपास आला तर मी तुम्हाला तीन गोष्टी विचारीन. गाडी ऑटोमॅटिक आहे का? तुमची नाही, म्हणजे उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का स्टार्ट होऊ शकते. ऑटोमॅटिकला ती सोय नाही. डिझेल आहे का? डिझेलला दाब जास्त, सेल्फला दुप्पट करंट लागतो, तिथे मी अर्धा व्होल्ट आधीच बदलतो. आणि ज्या दिवशी बंद पडेल तो दिवस कसा असेल? बांबोळीला नाइट ड्युटी करणाऱ्या एक सिस्टर माझ्याकडे येतात. त्यांची बॅटरी १०.२ वर असताना मी बदलून दिली, कारण पहाटे तीनला त्या पार्किंगमध्ये एकट्या उभ्या राहिलेल्या मला नको आहेत. त्याच आकड्याला शेजारच्या दुकानदाराला म्हटलं, गणपतीनंतर बघू. तुमच्या बाबतीत चोर्ला आहे. केरी सोडल्यावर वर बऱ्याच ठिकाणी मोबाइल लागत नाही, पावसात धुकं असतं, आणि घाटात चहाला थांबलात की इंजिन बंद होणारच. चार-साडेचार हजारांची बॅटरी आणि टोइंगचं बिल यांचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून १० च्या खाली गेली तर बदला. १० ते १०.५ असेल तर जा, सोबत जम्पर केबल ठेवा.

केबल लावायचा क्रम: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, ती हायड्रोजनजवळ उडू नये म्हणून.

नवी घ्यायची ठरलीच तर चवथीच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. त्या गर्दीत दुकानदार हाताला लागेल ती काढून देतो. जुन्या लेबलवरचा कोड टिपून न्या. ३८बी२०एल असा काहीतरी असतो. त्यातला २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला. ती बाजू चुकली तर केबल पोचत नाही आणि पोरं ती ताणून बसवतात. बनल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली मागा, कोड कसा वाचायचा ते दुकानदाराकडूनच समजून घ्या. पैसे द्यायच्या आधी मीटर लावून १२.५ च्या वर आहे ना बघा. दुकानात पडून राहिलेली नवी बॅटरीही सल्फेट धरते. मोठ्या अँपिअरची घेतली की चांगली, हाही गैरसमज आहे. तुमच्या पंचवीस मिनिटांच्या प्रवासात लहान बॅटरीच भरत नाही, मोठी कशी भरेल? गाडीला सिग्नलवर आपोआप इंजिन बंद होण्याची सोय असेल तर मात्र आधी होती तीच जात घ्या, ईएफबी असेल तर ईएफबी, एजीएम असेल तर एजीएम (सारखं बंद-चालू सोसणाऱ्या बॅटऱ्यांच्या या दोन जाती, लेबलवर लिहिलेलं असतं). तिथे साधी बसवली तर वर्षभरात परत याल.

वॉरंटीचं कार्ड नीट वाचा. ४८ महिने मोठ्या अक्षरात असतात, पण पहिले २४ फुकट बदली आणि पुढचे २४ प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर घटत जाणारी सूट, अशी विभागणी बऱ्याच कार्डांवर असते. गाडीचा नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का तिथल्या तिथे घ्या. बसवताना बॅटरी वरच्या पट्टीने घट्ट आवळलेली हवी. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत सैल बॅटरी आदळते आणि आतल्या प्लेटा झडतात. बदलल्यावर घड्याळ आणि काचेचं ‘ऑटो’ बटण पुन्हा सेट करावं लागेल, पहिले काही किलोमीटर आयडल जरा वर-खाली होईल. तो बिघाड नव्हे.

घरात इलेक्ट्रिक गाडी असणाऱ्यांनाही एवढं सांगतो: तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती गेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. तिथे सेल्फच नाही, म्हणून त्याचा आवाज मंदावण्याची खूणही नाही. विश्रांतीचा आकडा आणि वय एवढंच हातात असतं.

जुनी बॅटरी दुकानातच द्या, बायबॅकची रक्कम बिलातून वजा होते. परत घेऊन ती रीतसर पुनर्वापराला लावायची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याने शंभर-दोनशे जास्त दिले तरी नको. तो शिसं काढून घेतो आणि अ‍ॅसिड जिथे उभा असेल तिथेच ओततो. आपल्या भागात घराला विहीर आहे, विहिरीला लागून शेत आहे. ते पाणी शेवटी आपणच पितो.

शनिवारी रात्री चार्जर लावा, रविवारी सकाळी काढा. मग दोन तास तसंच राहू द्या आणि हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, वरवरचा चार्ज उतरतो. त्यानंतर विश्रांतीचा आणि सेल्फचा आकडा घ्या. टर्मिनल साफ केल्यावर सेल्फचा आकडा पुन्हा एकदा घ्या, आणि या वेळी मीटर खुंटीवर न लावता क्लॅम्पवर लावा. तिन्ही आकडे आणि लेबलवरचं सीसीए मला कळवा. त्यावरून बदलायची की नाही ते मी नक्की सांगतो.